आधीचं नाव

जिराफने काचेची चिमुकली डबी टेबलावर ठेवली आणि तो दोन पावलं मागे सरकला. डबीतलं काहीतरी उडून अंगावर येईल अशी त्याला भीती वाटली असावी. पण ते कुठलं उडतंय, टाचणीवर पंख पसरून निमूट बसलं होतं. "मॅडम," तो म्हणाला, "तुम्ही नाव दिलेली ती अळी यंदा मला फुलोऱ्यावर सापडली, मी वाढवायला ठेवली होती ना, ती गेल्या आठवड्यात कोषातून बाहेर आली. ही अशी निघाली." तिने चष्मा कपाळावर सरकवला, डबी डोळ्यांपाशी नेली. डबीत एक पतंग होता. मातकट, अंगठ्याच्या नखाएवढा, पंखाच्या कडेला एक पुसट रेघ. शहरातल्या प्रत्येक दिव्याभोवती हा घिरट्या घालतो. जिन्यात मरून पडलेला असतो, पडद्याच्या घडीत सापडतो, केरसुणीने केरात जातो. शंभरेक वर्षांपूर्वी कुणीतरी त्याला नाव देऊन ठेवलं आणि त्यानंतर कुणी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"कसं शक्य आहे," ती म्हणाली. "मीही तेच म्हटलं," जिराफ म्हणाला. तो तिशीचा, ताडमाड उंच, मान पुढे काढून चालणारा. सगळं संग्रहालय त्याला जिराफ म्हणायचं आणि तोही त्या हाकेला मुकाट ओ द्यायचा. "माझीच काहीतरी गडबड झाली असणार. शेजारच्या फळीवर ह्या साध्या पतंगाच्या अळ्याही वाढत होत्या. डबे बदलले असतील. रिकामा कोष जपून ठेवलाय, पण मी उघडला नाही. म्हटलं, तुमची अळी, तुम्हीच उघडा." असं म्हणून त्याने दुसरी डबी पुढे केली आणि हात पाठीमागे बांधून तो उभा राहिला. परीक्षेचा निकाल ऐकायला उभं राहावं तसा. तिने त्याला चहा पिऊन यायला सांगितलं. तिला एकटीला बसायचं होतं.

संग्रहालयाच्या वरच्या मजल्यावर फुलपाखरं आहेत. काचेच्या पेट्या, मागून दिवे, खाली पितळी पाट्या. शाळेतली मुलं तिथे काचेला नाकं लावून उभी राहतात. अळ्या तळघरात आहेत. माणसं फुलपाखरावर जीव टाकतात आणि अळी दिसली की चप्पल शोधतात. दोन्ही एकच आहेत हे शाळेपासून सगळ्यांना ठाऊक असतं, पण ठाऊक असणं निराळं आणि पटणं निराळं. ती तिशीच्या आत त्या तळघरात उतरली होती आणि आता निवृत्तीला आली होती. अळ्यांच्या बाई म्हटलं की दरवानसुद्धा बरोबर तिच्या दारापर्यंत माणूस आणून सोडायचा. स्पिरिटमध्ये घातली की अळीचा रंग उडून जातो. हिरव्या, लाल, पट्ट्यापट्ट्यांच्या, सगळ्या थोड्या दिवसांत जुन्या वर्तमानपत्राच्या रंगाच्या होतात. मग ओळखायच्या कशावरून? आधी पायांवरून. पुढचे सहा पाय खरे, ते पुढे पंख फुटल्यावरही राहतात. मागचे गुबगुबीत ते खोटे, फक्त बालपणापुरते. खोट्या पायांच्या तळव्यांना बारीक आकडे असतात, कुणाचे पूर्ण वर्तुळात, कुणाचे अर्धचंद्रात, आणि एवढ्याशा फरकावर कुळंच्या कुळं वेगळी होतात. आकडेच नसले आणि खोटे पाय जास्त निघाले, तर ती फुलपाखराची नव्हे, पतंगाचीही नव्हे, भलत्याच माशीची पोर. नवशिके तिथे हमखास तोंडघशी पडतात. आणि सगळ्यात शेवटी केस. अळीच्या अंगावरचा प्रत्येक केस आपली जागा धरून असतो. दर वळ्यावर पाठीचे किती, कुशीचे किती, श्वासाच्या छिद्राच्या वर किती, खाली किती, सगळं ठरलेलं. प्रत्येकाला एक अक्षर आणि एक आकडा. मायक्रोस्कोपला डोळा लावून ती केस मोजत जायची तेव्हा तिला वाटायचं, आपण एका झोपलेल्या गावातून चाललोय, दारादारावरची पाटी वाचत, कुणाला जाग न येऊ देता. पुष्कळदा जेवायची वेळ टळून जायची आणि वरच्या मजल्यावरची मुलं कधी आली, कधी गेली, तिला पत्ता नसायचा.

ह्या सगळ्या आयुष्यात तिने एकाच अळीला नवं नाव दिलं होतं. बाकीच्यांनी पाच-पन्नास नावं देऊन ठेवली, मित्रांची, बायकोची, एकाने तर आपल्या कुत्र्याचं; ती म्हणायची, मला घाई नाही. तिच्या त्या अळीच्या सातव्या वळ्यावर, श्वासाच्या छिद्राच्या खाली, एक केस जास्त होता. तसा केस त्या जागी कुणालाच नव्हता. त्या एका केसावर तिने टिपण लिहिलं, ते एका बारक्याशा नियतकालिकात छापून आलं, आणि जगात एक नवी जात जमा झाली. जिचा पतंग कुणी पाहिला नव्हता अशी जात. जी फक्त बाळपणीच माहीत आहे, मोठी होऊन कशी दिसते कुणालाच ठाऊक नाही, अशी. नावाचा अर्थ काय, असं संपादकाने विचारलं तेव्हा तिने 'पाठीवरच्या पुसट रेघेवरून' असं ठोकून दिलं. संपादकाला काय, त्याने छापलं.

आता तिने चिमटा घेतला, कोष कोमट पाण्याच्या थेंबात भिजवला आणि धागे हलक्या हाताने बाजूला केले. आत दोन गोष्टी एकमेकींना चिकटून होत्या. एक, पतंग ज्यातून बाहेर पडला ते तपकिरी रिकामं कवच. त्याचं टोक त्या साध्या पतंगाचंच, त्यात वादाला जागाच नव्हती. आणि त्या टोकाला गोळा होऊन बसलेली अळीची शेवटची कात. अंगातून काढून पायाशी टाकलेला कपडा असतो तशी. तिने कात सोडवली, थेंबात पसरली आणि डोळा लावला. गाव झोपलेलंच होतं. ती पाट्या वाचत निघाली, पहिलं वळं, दुसरं, तिसरं, आणि आपण मुद्दाम हळू चालतोय हे तिला कळत होतं. सातव्या वळ्यावर, श्वासाच्या छिद्राच्या खाली, तो जास्तीचा केस उभा होता. म्हणजे अळी तिचीच होती आणि तिच्यातून निघालेला पतंगही हाच होता. एकाच पोराला दोन नावं लागली होती, आणि अशा वेळी तिच्या धंद्यातला नियम सरळ आहे: जे नाव आधी दिलं गेलं तेच खरं. नंतरचं पुसत नाहीत, पण ते आधीच्याच्या खाली बारीक अक्षरात जातं, आणि त्यानंतर त्या नावाने कुणी कुणाला ओळखत नाही.

जिराफ परत आला तेव्हा ती दिवा बंद करून बसली होती. "काही दिसलं, मॅडम?" त्याने विचारलं. तिच्या तोंडून जे निघालं ते तिने ठरवलेलं नव्हतं. ती म्हणाली, "कात चुरगळून गेलीय. काही कळत नाही. तुझे डबेच बदलले असणार." "वाटलंच होतं मला," तो लगेच म्हणाला, अगदी खालच्या मानेने. "सॉरी हं मॅडम. तुमचा सगळा दिवस घालवला." तो इतक्या चटकन कबूल झाला की तिला त्याचा रागच आला, माणसाने थोडं तरी भांडावं. काचेच्या दारातून तिला पलीकडची खोली दिसत होती. तो बेसिनपाशी वाकून एकेक डबा घासत होता, मग पुसून फळीवर ठेवत होता, मग प्रत्येकावर नवी चिठ्ठी चिकटवत होता, आधीपेक्षा मोठ्या अक्षरात. एक चिठ्ठी त्याने चिकटवली, वाचली, उचकटून पुन्हा चिकटवली. एवढ्या काळजीचा माणूस तिने ह्या तळघरात दुसरा पाहिला नव्हता, आणि आता तो आपल्याच डोळ्यांवर कधी विश्वास ठेवणार नव्हता. डोकं दुखतंय असं दरवानाला सांगून ती भर दुपारी बाहेर पडली.

उन्हात रस्ते रिकामे होते आणि बसमध्ये जागाच जागा होती. ती खिडकीशी बसली. डोकं खरोखरच दुखायला लागलं होतं. खोटं बोललेलं कधी कधी असं लगेच अंगावर येतं. काचेवर तिचा चेहरा होता आणि त्यातून दुकानं, झाडं, उभ्या सायकली सरकत जात होत्या, आणि मध्येच त्या हॉस्पिटलचं कुंपण सरकत गेलं. ह्या रस्त्यावर ते हॉस्पिटल नाही हे तिला ठाऊक होतं. पण कुंपण आलं, फुलोऱ्याने भरलेलं, आणि त्याच्यापुढे ती उभी होती, तरुण, अंगावर सैल झालेले कपडे, नवरा टॅक्सी बघायला कोपऱ्यावर गेलेला. पाळण्याच्या काचेवर नर्सने नुसतं 'मुलगी' लिहिलं होतं. सासूबाई म्हणाल्या होत्या, "नाव ठेवू नकोस गं. नाव ठेवलं की मग विसरता येत नाही." त्या वाईट नव्हत्या, त्यांचं एक मूल तसंच गेलं होतं आणि ते कुठलं, केव्हा, हे त्या कधी सांगत नसत. तिनेही कुणाला काही सांगितलं नाही. पण दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी, काचेपलीकडच्या त्या मुठी बघता बघता, तिच्या मनात एक नाव आलं आणि येऊन बसलं. तीन अक्षरी, साधंच. ते तिने ओठांवर आणलं नाही. मग मुठी हलायच्या थांबल्या आणि रिकाम्या हातांनी ती दोघं बाहेर आली. आणि त्या कुंपणाच्या फुलोऱ्यात तिला अळी दिसली. लोकांना वाटेल, अशा वेळी अळी कशी दिसते. पण डोळ्यांना सवय असते. त्यांना कोण मेलं, कोण जगलं, कळत नाही. तिने पर्समधल्या औषधाच्या बाटलीतल्या गोळ्या रुमालात ओतल्या आणि एक अळी, मग दुसरी, मग होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या वेचून बाटलीत घेतल्या. नवऱ्याने टॅक्सीतून उतरून दार उघडून धरलं, बाटली पाहिली आणि काही विचारलं नाही.

तळघरात एक रिवाज होता, तिच्या आधीपासूनचा. अनोळखी अळ्या आल्या की निम्म्या स्पिरिटात घालायच्या आणि निम्म्या वाढवायच्या. म्हणजे अळी कशी आहे तेही हाती राहतं आणि तिचं पुढे काय होतं तेही कळतं. ती स्वतः नवशिक्यांना हे घोकून घ्यायला लावायची. पण त्या वेळी तिने सगळ्या स्पिरिटात घातल्या. वाढवायच्या म्हणजे रोज सकाळी झाकण उघडून बघायचं, आज काही हललं का, आज काही बाहेर आलं का. ते तिच्याच्याने होणार नव्हतं. वाट बघायची तिची ताकदच संपली होती. कुपीला बूच लावलं आणि तिला बरं वाटलं, आता ह्या इथून कुठे जाणार नाहीत. मग ते नाव तिने त्यांना दिलं. शेवटी परक्या भाषेचं शेपूट जोडून, कुणाला ओळखू येणार नाही असं. इतक्या वर्षांत ते नाव एकदाच तिच्या कानावर पडलं. दूरच्या कुठल्या देशातला एक म्हातारा तज्ज्ञ फोनवर बोलत होता, त्याला नमुना हवा होता, आणि बोलता बोलता त्याने ते नाव घेतलं, एकदा, पुन्हा एकदा, मधलंच अक्षर उगाच लांबवून. ती हो हो म्हणत राहिली. फोन ठेवल्यावर कपाटांच्या मधल्या बोळात जमिनीवर जाऊन बसली. जगात कुणीतरी तिच्या लेकीला हाक मारली होती, चुकीच्या उच्चाराने का होईना, आणि त्या दिवशी तिला इतका आनंद झाला होता की त्याची तिलाच लाज वाटली.

मुलगी तिच्या मनात वाढत होतीच. एक कात टाकली की दात आले, एक टाकली की वेणी आली, मग सायकल, मग दार आपटून खोलीत जाणं. फक्त चेहरा कधी आला नाही. चेहऱ्याच्या जागी तो स्पिरिटातला पिवळट रंग असायचा. पण एवढं तिने धरून ठेवलं होतं की आपली मुलगी चारचौघींसारखी झाली नसती. ती वेगळी होती. एक केस जास्त असलेली, कुणाशीही न जुळणारी, जिचं पुढचं रूप कुणी पाहिलंच नाही म्हणून काहीही असू शकलं असतं अशी. आणि आज जिराफने डबी आणून ठेवली आणि आत काय, तर जिन्यातला पतंग. त्याने बापड्याने आणखीही काहीतरी सुचवलं होतं, डबे बदलले नसलेच तर फुलोरा खाऊन वाढलेल्या अळ्यांना तो केस येत असावा आणि पानं खाणाऱ्यांना येत नसावा, खाण्याचा फरक, मॅडम, बाकी काही नाही. खाण्याचा फरक. तिला हसू आलं.

पुढच्या थांब्यावर एक बाई चढली आणि समोरच्या बाकावर बसली. पंचविशी ओलांडलेली, नाक सर्दीने लाल, मांडीवर पिशवी आणि पिशवीतून डोकावणारा कोबी. बसते न बसते तोच तिचा फोन वाजला. "अगं आई, आणलाय ना कोबी, किती वेळा सांगू?" ती म्हणाली, आणि फोन खांद्याशी दाबून नाक पुसलं. "नाही, औषध घेतलं नाही. घेईन. अगं घेईन म्हणते ना! तू ठेव आता, लोक बघतायत." लोक म्हणजे खिडकीशी बसलेली ती एकटीच होती. ती खरोखरच बघत होती, अगदी निर्लज्जपणे, त्या लाल नाकाकडे, कानामागे सरकवलेल्या बटेकडे, चपलेच्या तुटक्या बंधाकडे. मायक्रोस्कोपखाली बघायची तशी, पण ह्या गावाला जाग होती. अशीच निघाली असती. हा विचार तिच्या मनात इतक्या हळू आला की तो केव्हा आला हे तिला कळलंच नाही. साधीच निघाली असती. सर्दी झालेली, आईवर करवादणारी, कोबी घेऊन बसमधून घरी येणारी एक बाई. शहरात अशा पावलोपावली असतात आणि कुणी त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही. आणि तेच तिला हवं होतं. वेगळेपण घेऊन काय करायचं होतं तिला? तिला ही हवी होती, ही, औषध न घेणारी. तिचे डोळे भरून आले आणि चष्मा काढावा लागला. समोरच्या बाईने फोन बंद केला आणि थोडं संकोचून विचारलं, "काकू, बरं वाटत नाहीये का तुम्हाला?" "डोकं दुखतंय," ती म्हणाली, "तू औषध घे हं पण." ती बाई जरा चपापली, मग हसली आणि म्हणाली, "घेते."

तिच्या घरात शिरलं की आधी जबडे दिसतात. नवरा दातांच्या कवळ्या करायचा; शहरातले निम्मे डॉक्टर त्याच्याकडे साचे पाठवत आणि पुढच्या खोलीच्या फळ्यांवर पांढरे जबडे ओळीने आ वासून बसलेले असत. लग्नानंतर पहिले काही महिने तिला ते स्वप्नात येत, आणि तो म्हणे, माझ्या स्वप्नात तुझ्या अळ्या येतात, फिटंफाट. आता तो खिडकीपाशी बसून एका कवळीची कड कानशीने घासत होता. "आज लवकर? अळ्यांनी सुट्टी दिली वाटतं," तो मान वर न करता म्हणाला. ती समोरच्या स्टुलावर बसली. गुलाबी भुकटी त्याच्या मनगटांवर साचली होती. कानस चालूच होती आणि तिला वाटलं, आपण असेच बसून राहिलो तर काहीच झालेलं नसेल.

"माझं एक नाव चुकलं," ती म्हणाली.

"कुठलं?"

"अळीचं. एकच तर दिलं होतं. नवी जात म्हणून छापलं, आणि ती साध्या पतंगाचीच निघाली. रस्त्यावरच्या."

"मग? चुकतं माणसाचं. दुरुस्त करून टाक."

"जिराफने शोधून काढलं. मी त्याला सांगितलं, तुझे डबे बदलले."

"बदलले होते?"

"नाही."

कानस थांबली. त्याने कवळी खाली ठेवली आणि पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. "अगं, मग त्याला किती वाईट वाटलं असेल," तो म्हणाला. तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "त्याला काय वाटलं ते विचारताय! मला काय वाटलं असेल?" "तेही विचारतो. पण आधी त्याला फोन कर. घरी जाऊन तो रात्रभर कूस बदलत बसेल. माझी कवळी बसली नाही तर मी कधी म्हणतो का, तुमचं तोंडच चुकलंय म्हणून? परत साचा घ्यायचा." हा माणूस आयुष्यभर असाच बोलत आला होता, दुसऱ्याच्या तोंडाचा विचार आधी. ती रागारागाने उठली आणि रागातच फोन लावला, म्हणून लावता तरी आला.

जिराफ अजून तळघरातच होता. "तुझे डबे बदलले नव्हते," ती म्हणाली. "कात नीट होती. मी पाहिलं. सातव्या वळ्यावर केस आहे, आणि कवच त्या पतंगाचंच आहे. तू बरोबर होतास. मी तुझ्याशी खोटं बोलले." पलीकडे बेसिनचा नळ बंद केल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "म्हणजे मॅडम, माझे डबे बरोबर होते?" "बरोबर होते." "सगळे?" "अरे, सगळे!" तो हसला का रडला ते तिला कळलं नाही, नाक ओढल्याचा आवाज मात्र आला. मग एकदम भानावर येऊन त्याने विचारलं, "पण मग तुमचं नाव, मॅडम? ते तर..." "ते खाली जाईल. तू लिही, मी सही करते." आपल्या आवाजात काही अडकत नाहीये ह्याचं तिला नवल वाटलं. "आणि त्या चिठ्ठ्या पुन्हा बारीक अक्षरात लिही. एवढ्या मोठ्या चांगल्या दिसत नाहीत." फोन ठेवल्यावर मात्र ती तिथेच, फळीवरच्या जबड्यांखाली, जमिनीवर बसली. रडू यायला वेळ लागला, पण आलं तेव्हा धरणार कोण.

नवरा उठून आला. गुडघे धरत, कुरकुरत तिच्या शेजारी खाली बसला. जमिनीवर बसणं त्याला आता जमत नसे. "एका अळीसाठी एवढं?" तो म्हणाला. ती म्हणाली, "ते तिचं नाव होतं." कुणाचं, ते त्याने विचारलं नाही. खिडकीतून तिरकं ऊन आत आलं होतं आणि त्यात ती गुलाबी भुकटी तरंगत होती. "हॉस्पिटलमध्ये मनात आलं होतं," ती म्हणाली, "कुणाला सांगितलं नाही. तुम्हालाही नाही. मग अळीला देऊन टाकलं. निदान कुठेतरी लिहिलेलं राहील. आता ते दुसऱ्या नावाच्या खाली जाणार." त्याने मनगटावरची भुकटी झटकली आणि म्हणाला, "मी तिला ठिपकी म्हणायचो."

तिला आधी कळलंच नाही. "कुणाला?"

"तिलाच. त्या पहिल्या सोनोग्राफीत डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं नव्हतं का, हे बघा म्हणून? मला काही म्हणजे काही दिसलं नाही. एक ठिपकी दिसली. तेव्हापासून."

"मला कधी बोलला नाहीत."

"तुला काय बोलायचं? आईने नाव काढू नको सांगितलं होतं. आणि तू ती बाटली हातात घेऊन टॅक्सीत बसलीस, मी म्हटलं, असू दे, हिला हिचं काहीतरी सापडलंय."

"मग कुणाला सांगितलं होतंत?"

"तिला," तो म्हणाला. "तू दुपारची झोपलीस की पोटाशी तोंड नेऊन सांगायचो. ठिपके, आज खालचे सहा दात केले. ठिपके, आज एका म्हाताऱ्याला हसता आलं." हे सांगताना त्याला हसू फुटलं आणि त्याच हसण्यात त्याचा आवाज फाटला. एवढ्या वर्षांच्या संसारात त्याचा हा आवाज तिने ऐकला नव्हता. तिला एकदम त्या तरुण माणसाची दया आली, टॅक्सीचं दार उघडून धरलेल्या, तोंडात एक नाव घेऊन उभ्या असलेल्या आणि ते गिळून टाकलेल्या. ती दोघं एकाच पोरीला दोन नावांनी हाका मारत होती, एकाच घरात, एकमेकांना ऐकू न जाऊ देता.

"तुमच्यात मग कुठलं धरतात?" थोड्या वेळाने त्याने विचारलं. "अशी दोन असली म्हणजे?"

"आधीचं."

"माझं कुठे छापलंय?"

"तिला सांगितलं होतंत ना? मग झालं," ती म्हणाली. "माझं तर मी तिलासुद्धा सांगितलं नाही. तुमचं आधीचं."

"आणि तुझं?"

"माझं जात नाही. खाली राहतं."

त्याने मान हलवली. रस्त्यावरून कुणीतरी कुणालातरी हाक मारत गेलं. तिने डोळे पुसले, पाठ भिंतीला टेकवली, आणि इतकी वर्षं ओठांपर्यंत न आलेल्या आवाजात म्हणाली, "ठिपकी." आणि मग त्याच्या खाली, त्याच्यापेक्षा हळू, आपलं.